स्वेटरच्या टाक्यांचा प्रवास : फुस्तात ते फाल्गुन

यंदा रमजान फाल्गुनात आला आहे. सहरीला उठावं तर आमच्या नाशिक जिल्ह्यात अजून गारवा टिकून असतो आणि दुपारी वर्गातल्या पत्र्याखाली बसवत नाही. म्हणून मी शाळेत अजूनही स्वेटर घालून जाते. हातानं विणलेला, पुढून उघडा, बटणांचा, शेवाळी रंगाचा. पहाटे सगळी बटणं लावलेली, दहाच्या सुमारास सोडलेली, आणि मधल्या सुट्टीनंतर तो नुसता खांद्यावर किंवा खुर्चीच्या पाठीवर.

परवा स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाल्या, "मॅडम, होळी तोंडावर आली. आता तरी तो पेटीत ठेवा." त्यावर दुसरे एक सर हसून म्हणाले, "तसाही स्वेटर आपला पोशाख नाहीच. साहेबानं आणला, साहेबाच्या देशातच शोभतो." त्याच आठवड्यात नववीतल्या एका मुलानं मला मोबाइलवर आलेला एक मजकूर दाखवला. सुयांवरचं विणकाम मुसलमानांनी शोधलं आणि युरोपनं ते चोरलं, असा त्याचा सूर होता. त्यानं विचारलं, "टीचर, अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून विणकामही उजवीकडून डावीकडे चालतं. खरंय ना?"

सरांना आणि त्या मुलाला मी तेव्हा तोंडातल्या तोंडात काहीतरी उत्तर दिलं. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं होतं आणि बरंच सुटलेलं होतं. ते सुटलेलं सांगण्यासाठी हा लेख.

एक शब्द, दोन कामं

आधी भाषेचा एक घोळ सोडवू. मराठीत आपण साडीही 'विणतो' आणि स्वेटरही 'विणतो'. उर्दूत दोन्हीसाठी 'बुनना' आहे. प्रत्यक्षात ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. मालेगाव-भिवंडीच्या मोमीन-अन्सारी घरांत चालतं ते मागावरचं काम. उभे ताणलेले धागे, त्यांतून आडवा जाणारा बाणा, म्हणजे धाग्यांचे दोन संच. स्वेटरला माग लागत नाही. एकच धागा, त्याचा एक फास, त्या फासातून काढलेला दुसरा फास, अशी ती साखळी असते. आमच्या घरी या फासाला 'फंदा' आणि सुईला 'सलाई' म्हणत, शेजारी 'टाका' आणि 'सुई'.

या फरकाचे दोन परिणाम आहेत. फास ताणले जातात, म्हणून विणलेलं वस्त्र अंगाबरोबर सैल होतं आणि पुन्हा आवळतं. पाय, हात, डोकं अशा गोल अवयवांना ते मागावरच्या कापडापेक्षा नीट बसतं. दुसरं म्हणजे धागा एकच असल्यानं वस्त्र शेवटाकडून उसवता येतं आणि त्याच धाग्याचं नवं वस्त्र करता येतं. कापलेल्या-शिवलेल्या कापडाचं तसं होत नाही.

भारतात मागाची परंपरा हजारो वर्षांची आहे. काश्मीरची शाल, धनगरांचं घोंगडं ही थंडीची आपली मोठी वस्त्रं मागावरचीच. सुयांवरचं विणकाम इथं बरंच उशिरा आलं. सरांचं म्हणणं इथवर बरोबर आहे. पण साहेबाकडे ते कुठून आलं?

फुस्तातचे मोजे

कैरोच्या जुन्या भागात फुस्तात नावाचं शहर होतं. इजिप्त जिंकल्यावर हजरत अम्र बिन अल-आस यांनी इ.स. ६४१ च्या सुमारास ते वसवलं. पुढे कैरो वाढलं आणि फुस्तातचा मोठा भाग ओसाड पडला, त्याचे उकिरडे झाले. कोरड्या हवेमुळे त्या ढिगाऱ्यांत कापड टिकून राहिलं. इजिप्तच्या अशा जागांतून मिळालेले विणलेले मोजे आणि त्यांचे तुकडे आज लंडन, वॉशिंग्टन इथल्या संग्रहालयांत आहेत. दोन किंवा अधिक सुयांवर केलेल्या खऱ्या विणकामाचे जगातले सर्वांत जुने नमुने म्हणून अभ्यासक त्यांच्याकडे बोट दाखवतात. त्यांचा काळ साधारण ११ वं ते १४ वं शतक, म्हणजे फातिमी राजवटीपासून ममलूकांपर्यंतचा.

याहून जुने मोजे इजिप्तमध्येच सापडले आहेत, चौथ्या-पाचव्या शतकातले, चपलेसाठी अंगठा वेगळा ठेवलेले. पण ते एकाच नेढ्याच्या सुईनं, धाग्याचे छोटे तुकडे जोडत केलेले आहेत. दिसायला ते विणलेले वाटतात, पण पद्धत वेगळी. या फरकामुळे कितीतरी 'सर्वांत जुनं विणकाम' म्हणून गाजलेल्या वस्तू नंतर यादीतून काढाव्या लागल्या.

फुस्तातच्या त्या मोज्यांत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे त्यांचा धागा. आपण विणकाम म्हटलं की लोकर म्हणतो. यांतले अनेक नमुने सुती आहेत, पांढरे आणि निळीनं रंगवलेले. म्हणजे ज्या कलेला आपण थंड देशाची समजतो, तिचे सर्वांत जुने पुरावे उष्ण देशातले आणि कापसाचे आहेत. निळीचंही पाहा. संस्कृतातला 'नील' फारसी-अरबीत गेला आणि तिथून पोर्तुगीजांच्या 'अनिल'पर्यंत पोहोचला. याच फुस्तातच्या ढिगाऱ्यांत गुजरातेतून गेलेल्या छापील सुती कापडाचे तुकडेही निघाले आहेत. अरबी समुद्र तेव्हा दोन किनाऱ्यांमधला रस्ता होता.

दुसरी गोष्ट त्यांवरची नक्षी. काही तुकड्यांवर कुफी वळणाच्या अक्षरांसारख्या पट्ट्या आहेत. काहींत 'अल्लाह' हा शब्द वाचता येतो, तर काही ठिकाणी अक्षरांचा नुसता आभास आहे.

विणणारे कोण होते? त्या शहरात मुसलमान, किब्ती ख्रिस्ती आणि यहुदी असे तिन्ही समाज शेजारी राहत. मोज्यावर विणणाऱ्याचं नाव नसतं. तेव्हा 'मुसलमानांनी शोध लावला' असं म्हणण्यापेक्षा 'मुस्लिम राजवटीतल्या इजिप्तमध्ये ही कला बहरलेली दिसते' असं म्हणावं. एवढंच सिद्ध आहे आणि एवढं पुरेसं मोठं आहे. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीची गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिला पुरावा नाही. त्या मुलाला मी हेच सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण इतिहासाच्या तासाला कधीतरी चेहरा पडावाच लागतो.

शब्दांचा पुरावा मात्र पक्का आहे. मोज्याला अरबीत 'जौरब' म्हणतात. तोच तुर्कीत 'चोराप', सर्बियनमध्ये 'चारापा' आणि आपल्या उर्दूत 'जुराब' झाला. मराठीतला 'मोजा' फारसीतून आला आणि 'पायमोजे', 'हातमोजे' अशी त्याला इथली जोड मिळाली. वजूच्या मसाइलमध्ये 'जौरबैन'वरच्या मसहचा विषय आपण मदरशात ऐकलेला असतो. तिरमिजीत याबद्दल हजरत मुगीरा बिन शोबा यांची रिवायत आहे आणि तिच्या सनदीवर मुहद्दिसांत मतभेद आहेत. तो मोजा आजच्यासारखा विणलेला होता, असं यावरून काढू नये. पण पाय झाकणारी ही वस्तू रोजच्या वापरात होती, म्हणूनच फिकहला तिचा विचार करावा लागला, इतकं नक्की म्हणता येतं.

शहजाद्याच्या डोक्याखाली 'बरकत'

युरोपातले सुरुवातीचे उत्तम विणलेले नमुने स्पेनमध्ये मिळतात. बुर्गोस शहराजवळ लास उएल्गास नावाचा मठ आहे. तिथं कॅस्टिलच्या राजघराण्यातली थडगी आहेत. १९४० च्या दशकात ती उघडून आतल्या कापडांचा अभ्यास झाला. त्यात राजा दहावा अल्फोन्सो याचा थोरला मुलगा फर्नांदो दे ला सेर्दा याच्या थडग्यात एक रेशमी उशी मिळाली. तिचा अभ्रा विणलेला आहे, एका इंचात सुमारे २० टाके इतका बारीक. ही बारकाई समजायची असेल तर घरातला एखादा हातानं विणलेला स्वेटर घ्या आणि इंचभर पट्टी लावून टाके मोजा. पाच-सहा भरले तरी पुष्कळ.

त्या अभ्र्यावर गरुड, किल्ले आणि फुलं आहेत, सगळी ख्रिस्ती राजचिन्हं. आणि कडेला कुफी अक्षरांत एकच अरबी शब्द पुन्हा पुन्हा विणलेला आहे : 'बरकत'.

हा फर्नांदो १२७५ मध्ये वारला. कसा? मोरोक्कोच्या मरीनी फौजा ग्रनाडाच्या मदतीनं चालून आल्या होत्या आणि त्यांच्याशी लढायला हा निघाला होता. वाटेतच त्याला मरण आलं. मुसलमान फौजेवर निघालेल्या त्या शहजाद्याच्या डोक्याखाली अरबी दुवा ठेवली गेली. ती विणणारे हात मुसलमान कारागिरांचे असावेत, असं अभ्यासक मानतात. त्याच्या बापाच्या दरबारी अरबी ग्रंथांचे तर्जुमे होत आणि त्याच बापानं आपल्या राज्यातल्या मुसलमानांचं बंडही मोडून काढलं. दोन्ही गोष्टी एकाच राज्यात आणि एकाच काळात घडत होत्या.

मला हे चित्र फार दिवस सोडत नाही. ज्यांनी ती उशी ठेवली, त्यांना तो शब्द वाचता येत होता का? की अरबी अक्षरं म्हणजे उंची मालाची खूण, एवढंच त्यांच्यासाठी होतं? काहीही असो, युद्ध चालू होतं आणि टाकेही चालू होते.

उलटा टाका आणि तीन लढाऊ नावं

यानंतर ही कला युरोपभर पसरलेली दिसते. १४०० च्या आसपास जर्मन चित्रकार मास्टर बर्ट्रामच्या बुक्सतेहूड इथल्या वेदीसाठी काढलेल्या चित्रांत हजरत मरियम चार सुयांवर लहानसा सदरा विणताना दिसतात. आपल्याला सवयीचा एक सुलट, एक उलट हा प्रकार मात्र बराच नंतरचा. जुन्या इजिप्शियन मोज्यांचं काम गोलाकार, सुलट टाक्यांचं आहे. १५६२ मध्ये दफन झालेल्या फ्लॉरेन्सच्या एलेओनोरा दी तोलेदो हिच्या रेशमी मोज्यांत उलटा टाका नक्षीसाठी वापरलेला आहे आणि त्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ते मोजे मोजले जातात. १५८९ मध्ये इंग्लंडच्या विल्यम ली यानं मोजे विणायचं यंत्र केलं. यंत्र आलं तरी हातविणकाम संपलं नाही. ते गरिबांच्या कमाईचं आणि घरातल्या बायकांच्या फावल्या वेळाचं काम होऊन राहिलं.

माझ्या अंगावरच्या स्वेटरच्या प्रकाराला 'कार्डिगन' म्हणतात. ते नाव एका लष्करी अधिकाऱ्याचं. १८५३ ते १८५६ या काळात क्रिमियाचं युद्ध झालं. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला उस्मानी सल्तनत, ब्रिटन आणि फ्रान्स. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावाच्या लढाईत ज्यानं ब्रिटिश घोडदळाची ती प्रसिद्ध, आत्मघातकी चढाई केली, तो कार्डिगनचा सरदार. त्याच्या नावावरून पुढून उघड्या लोकरी बंडीला कार्डिगन म्हणू लागले. त्या गावाच्या नावावरून तोंड झाकणारी टोपी 'बालाक्लावा' झाली, तिला आपण माकडटोपी म्हणतो. आणि त्या फौजेचा सेनापती लॉर्ड रॅग्लन, ज्याचा एक हात वॉटर्लूच्या लढाईत गेला होता, त्याच्या नावानं गळ्यापासून तिरकी निघणारी 'रॅग्लन' बाही ओळखली जाते. विणकाम करणाऱ्या बायका आजही ही तीन नावं घेतात. ती एकाच युद्धातून आली आहेत, हे क्वचितच कुणाला माहीत असतं.

थंडीतल्या छावणीतला हा कपडा हळूहळू थंडी सरतानाच्या दिवसांचाही झाला. कारण सोपं आहे. तो डोक्यावरून ओढावा लागत नाही आणि ऊन वाढेल तशी बटणं सोडता येतात. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये कोको शनेलनं तो बायकांच्या पोशाखात रुजवला. त्याच पॅरिसमध्ये १९२७ साली एल्सा स्कियापारेल्लीचा एक स्वेटर गाजला. काळ्या स्वेटरवर गळ्याशी बांधलेला पांढरा बो, पण तो खरा नव्हता, टाक्यांतच विणलेला होता. हे कसब एका आर्मेनियन बाईंचं होतं. १९१५ पासून उस्मानी राजवटीत आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या, त्यांना घरादारातून हाकललं गेलं आणि त्यांतले हजारो फ्रान्सला पोहोचले. फुस्तात आणि लास उएल्गासचा अभिमान सांगणाऱ्या माझ्यासारखीनं हेही सांगायला हवं. आपल्या इतिहासातल्या गौरवाच्या टाक्यांबरोबर गळालेले टाकेही मोजावे लागतात.

आपल्या ओट्यावर

भारतात सुयांवरचं विणकाम रुजलं ते मुख्यतः १९ व्या शतकात, मिशनऱ्यांच्या शाळा आणि मडमांच्या घरांमधून. मुलींच्या शाळेत शिवण-विणकामाचा तास आला. पुढं लुधियाना होजिअरीचं मोठं केंद्र झालं. १९५९ नंतर आलेले तिबेटी निर्वासित दर हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटरचे बाजार मांडू लागले. म्हणजे इजिप्तमध्ये सापडणारी ही कला स्पेन, इटली, इंग्लंड असं फिरून आपल्या ओट्यावर आली. सर म्हणतात तसं साहेबानं आणली, हे खरंच. पण त्याच्या हाती ती कुणी दिली, हे विचारायचं राहून जातं.

आमच्या ओट्यावर ती अम्मीच्या आणि शेजारच्या काकूंच्या हाती होती. १९९२ च्या पावसाळ्यानंतर दोघींनी माझ्यासाठी स्वेटर घातला. गळाबंद. पुढचा भाग अम्मी विणत होती. पाठ काकूंकडे होती, कारण मुंढ्याचे टाके कमी करणं काकूंना चांगलं जमे. मी अकरा वर्षांची होते. मग डिसेंबर आला. बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. आमच्या गावात दगडही पडला नाही, पण ओटा ओस पडला. पाठ काकूंच्या घरी, पुढचा भाग आमच्या पेटीत. त्या हिवाळ्यात मी जुनाच आखूड स्वेटर घातला. अम्मीनं पाठ मागितली नाही आणि काकूंनी आणून दिली नाही.

त्या वर्षीही रमजान फाल्गुनातच आला होता. चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतं आणि साधारण ३३ वर्षांनी त्याच ऋतूत परत येतं. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी काकू आल्या. हातात पूर्ण झालेली पाठ. दारातच म्हणाल्या, "भाभी, थंडी तर गेली. आता गळाबंद नको करू. पुढून उघडा कर, पोरीला सकाळी घालता येईल, ऊन लागलं की काढता येईल." अम्मी काही बोलली नाही. तिनं त्यांना आत घेतलं, अजान झाली तेव्हा खजूर पुढं केला आणि तरावीहनंतर बसून आपला पुढचा भाग पूर्ण उसवला. मग त्याच लोकरीचे दोन अर्धे भाग विणायला घेतले.

१२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. गल्ली पुन्हा गप्प झाली. या वेळी मात्र काकू दुसऱ्याच दिवशी आल्या. बटणं लावायची राहिली होती.

फाल्गुनात स्वेटर कसा घालावा

सहकारी बाईंना उत्तर द्यायचं राहिलं होतं. थंडी सरताना हातविणीचा स्वेटर पेटीत टाकायची घाई नको. खाली पातळ सुती कुर्ता असावा, म्हणजे लोकर टोचत नाही आणि घाम सुती कापड टिपतं. पुढून उघडा असेल तर बटणं आपल्या हातात. बिनबाह्यांचा असेल तर आणखी बरं, सहरी ते शाळा असा नीट निभतो. नवा विणायचा असेल तर लोकरीऐवजी सुती धागा घ्या, जरा मोठ्या सुया घ्या, म्हणजे वीण मोकळी होईल आणि हवा खेळेल. उष्ण इजिप्तमध्ये सुती धाग्यावर हेच काम चाललं होतं, तेव्हा यात नवं काही नाही. ऊन पक्कं झालं की स्वेटर रिठ्याच्या पाण्यात धुवावा, पिळू नये, आडवा पसरून सावलीत वाळवावा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावा. टांगून ठेवला तर स्वतःच्या वजनानं लांबतो.

माझा शेवाळी स्वेटर तोच. मी वाढत गेले तसा अम्मीनं तो दोनदा उसवला, लडी करून धुतली, पाटाला गुंडाळून वाळवली आणि थोडी नवी लोकर जोडून पुन्हा विणला. पाठ मात्र तिनं दोन्ही वेळा काकूंकडेच दिली.

यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे. नव्या चंद्राचा महिना पाडव्यालाही लागतो आणि ईदेलाही, म्हणून दोन्ही पुन्हा पाठोपाठ येतील. अम्मीला आता सुईवरचे टाके दिसत नाहीत. काकू मुलाकडे पुण्याला असतात. पाडव्याला फोन करून मी त्यांना विचारणार आहे, मुंढ्याचे टाके नेमके कितव्या ओळीपासून कमी करायचे. माझ्या मुलीसाठी सुती धागा आणून ठेवला आहे.